नळाखालची क्लिप

आमच्या ओट्याखाली पाण्याच्या नळीला एक क्लिप होती. शेजारी शेजारी दोन बारीक तारा आणि त्यांना आवळणारा एक स्क्रू. भांडी झाली की मी खालून फडकं फिरवायची, तेव्हा ती बोटाला लागायची. तिच्या खाचेत एक हिरवा ठिपका होता. राखेने घासला, लिंबाने घासला, गेला नाही. मग मी त्याचा नाद सोडला. घरात काही गोष्टी अशा असतात, त्या आपल्याला सोडत नाहीत म्हणून आपणच त्यांना सोडायचं.

हे जुन्या स्पोर्ट्स गाड्या पुन्हा उभ्या करतात. घरामागे गाळा आहे. तिथे गाडी खोक्यांतून येते आणि चाकांवर बाहेर जाते. मग ती प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभी राहते. गाडी किती चकचकीत आहे, याला तिथे फारसा भाव नाही. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशी ती जशी होती, तशीच आहे का, एवढंच बघतात. स्क्रूच्या डोक्यावर एक चीर हवी तिथे फुली असली, बोल्टच्या माथ्यावर बनवणाऱ्याची अक्षरं नसली, वायरीवर कापडाऐवजी प्लॅस्टिक असलं, की गुण गेले. एवढ्या बारीक सामानावर आमचा संसार चालतो. भाजीत मीठ पडलेलं नाही हे यांना जेवून उठेपर्यंत कळणार नाही, पण शेजाऱ्याच्या फाटकाची बिजागरी बदलली तर जाता जाता कळतं.

"दादा वहिनीकडे बघतो तेही नटबोल्ट शोधत," असं भाऊजी म्हणतात. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचा रंगकामाचा गाळा आमच्या गाळ्याला लागूनच आहे.

गेल्या हिवाळ्यापासून यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीवर वाजायचा. आम्ही हसलो. मग स्क्रूड्रायव्हर चिरेतून निसटायला लागला, तेव्हा हसणं थांबलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाईल, असंही सांगितलं. घरी आल्यावर यांनी गाळ्याचं दार आतून लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले, तर आतून काहीतरी पुन्हा पुन्हा खाली पडल्याचा आवाज येत होता. पडायचं, उचललं जायचं, पुन्हा पडायचं.

त्याच सुमारास बातमी आली. जुन्या गाड्यांचं काम शिकवणारी एक शाळा आहे. तिथे बारीक सामानाची ओळख शिकवणारे गुरुजी निवृत्त होणार होते. तिथे हात नकोत, डोळे हवेत. मुलांपुढे दोन सारखे दिसणारे बोल्ट ठेवायचे आणि यातला खरा कोणता, ते का, हे सांगायचं. हे काम जणू यांच्यासाठीच बेतलेलं होतं. शाळा चालवणारे सर स्वतः प्रदर्शनाचे मुख्य परीक्षक. गळ्यात भिंग अडकवून फिरतात, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले सर म्हणतात. त्यांनी यांना स्पष्ट सांगितलं, "तुमची नजर मला माहीत आहे. पण शाळेचा नियम आहे. स्वतःच्या हाताने उभी केलेली एक तरी गाडी पहिल्या वर्गात आलेली हवी."

यांच्या गाड्या आजवर दुसऱ्या वर्गाच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्या गिऱ्हाइकांच्या गाड्या. कुणाला घाई, कुणाला स्वस्तात हवं, कुणाला सीटचा रंग बायकोच्या आवडीचा. पण एक गाडी आमची स्वतःची होती. छोटी, दोघांपुरती, उघड्या टपाची. तिच्यावर यांनी वर्षानुवर्षं सवडीने काम केलं होतं. हात साथ देतो आहे तोवर ती पुरी करायची आणि पहिला वर्ग मिळवायचा. नाहीतर पुढे काय, हा प्रश्न आम्ही घरात मोठ्याने विचारत नव्हतो.

आता क्लिपेबद्दल सांगते.

त्या गाडीच्या इंजिनावर पाण्याच्या पंपापासून माथ्यापर्यंत बोटभर लांबीची रबरी नळी आहे. तिच्या दोन्ही टोकांना क्लिपा. गाडी सुटी केली तेव्हा एका टोकाला रुंद पट्टीची क्लिप होती आणि दुसऱ्या टोकाला दोन तारांची. नियमांचं पुस्तक म्हणतं, दोन्हीकडे पट्टीची. हे म्हणाले, "कुठल्यातरी गॅरेजवाल्याने हाताला आली ती बसवली," आणि तारांची क्लिप भंगाराच्या डब्यात टाकली. पुढे ओट्याखालची नळी गळायला लागली, तेव्हा त्याच डब्यातून ती निघाली आणि आमच्या स्वयंपाकघरात आली. जोडीची दुसरी पट्टीची क्लिप मात्र मिळता मिळेना. त्या काळची, त्याच छापाची, त्याच मुलाम्याची. यांनी किती भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले, ते विचारू नका. शेवटी एका गंजलेल्या पंपाला चिकटलेली सापडली. ती घेऊन घरी आले, तेव्हा चेहरा असा की मला वाटलं, मूल हरवलं होतं ते सापडलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गाळ्यात होतो. गाडी पुरी झाली होती. इंजिनाच्या झाकणावर हिरव्या रंगाचा बारीक टवका उडाला होता, तेवढा भाऊजी भरणार होते.

"वहिनी, नमुना द्या. या हिरव्याचा भरवसा नाही, दिवसाउजेडी जुळवलेला बरा."

नमुना म्हणजे ती जुनी मूळची नळी. तडा गेलेली, पण तिच्यावर कारखान्याचा हिरवा रंग होता म्हणून जपून ठेवलेली. पूर्वी इंजिन जोडून झालं की त्याच्यावर सरसकट रंगाचा फवारा मारत. नळी, क्लिपा, सगळ्यासकट. म्हणून तर हे नव्या नळीलाही क्लिपा लावूनच हिरवा रंग देऊन बसले होते. मी नळी डब्यातून काढली. तिचं एक टोक तेलाच्या काजळीने काळंठिक्कर झालं होतं. आजवर रंग जुळवायला मधलाच भाग पुरायचा, म्हणून टोकाकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी रॉकेलचा बोळा घेऊन ते पुसलं. माझी सवयच तशी, मळकी वस्तू कुणाच्या हातात द्यायला नको वाटते.

काजळी निघाली आणि खाली हिरवा रंग दिसला. त्या हिरव्यात दोन बारीक काळ्या रेघा होत्या. शेजारी शेजारी, नळीभोवती पूर्ण फिरलेल्या. रंग पोचलाच नव्हता, अशा.

मी दुसरं टोक पाहिलं. तिथे एकच रुंद काळा पट्टा.

मला यंत्रातलं फार कळत नाही. पण ओट्याखाली रोज बोटाला काय लागतं, ते मला ठाऊक होतं. आणि तो हिरवा ठिपकाही ठाऊक होता.

"अहो," मी म्हटलं, "आपल्या नळाखालची क्लिप... ती या गाडीची होती ना?"

यांनी मान वर केली. माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं. जवळ आले, ती घेतली, उजेडात धरली. ती त्यांच्या हातात थरथरत होती. मग ते खाली स्टुलावर बसले.

"रंगाच्या आधीपासून होती," ते म्हणाले. "कारखान्यातच बसवलेली. पट्टीच्या संपल्या असतील त्या दिवशी. कामगाराने शेजारच्या खोक्यातली उचलली असेल. आणि मी..."

"आणि तू ती भांड्यांखाली लावलीस," भाऊजींनी वाक्य पुरं केलं. "दादा, कमाल आहे तुझी. खरी होती ती फेकलीस आणि खोटी शोधायला गावं पालथी घातलीस!"

कुणी हसलं नाही.

मीच बोलले मग. जे बोलले ते सांगायला जड जातं. "राहू द्या," मी म्हटलं. "पुस्तकात पट्टीची आहे, गाडीवर पट्टीची आहे. उद्या कुणी विचारणार नाही. ही नळी परत डब्यात ठेवते मी. आपल्याला पुसायचीच नव्हती ती."

"पण तू पुसलीस."

"चुकले."

"चुकली नाहीस. मी चुकलो होतो."

"अहो, हात बघा तुमचा!" माझा आवाज चढला, माझाच मला ओळखू आला नाही. "एवढी एकच संधी आहे. उद्या ती तारेची लावली आणि परीक्षकांनी नाही म्हटलं तर? एक गुण गेला तरी वर्ग गेला, तुम्हीच सांगता ना? शाळा गेली तर तुम्ही करणार काय?"

"शाळेत जाऊन काय शिकवणार होतो मी?" त्यांनी हळूच विचारलं. "हे खरं, हे खोटं, एवढंच ना?"

"दादा, वहिनीचं ऐक," भाऊजी म्हणाले. "शाळेत पोच तर आधी. मग शिकव काय खरं शिकवायचं ते."

हे तसेच नळी मांडीवर ठेवून बसून राहिले. मी ती उचलली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. झाकण लावताना मला वाटलं, मिटलं. पण त्या संध्याकाळी पानावरून उठताना यांनी ओट्याखाली एकदा वाकून पाहिलं.

सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा माझा नेम आहे तो, यांनाही ठाऊक. प्रदर्शनाच्या दिवशीही मी डोळे मिटून बसले होते. स्वयंपाकघरातून पक्कडीचा आवाज आला. उठून पाहिलं, तर हे ओट्याखाली आडवे आणि पाय तेवढे बाहेर.

"तुझं मौन सुटायच्या आत काढून घेतो," आतून आवाज आला. "नाहीतर तू मला पुन्हा अडवशील आणि मी ऐकेन."

मी दारात उभी राहिले. बोलायचं म्हटलं असतं तर एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडापर्यंत आला होता तो. तेवढ्यात क्लिप सुटली आणि पाण्याची चिळकांडी उडाली. हे ओलेचिंब झाले. त्यांचा हात मुख्य तोटीपर्यंत जाईना, गेला तर फिरेना. मी वाकले आणि तोटी बंद केली. हे बाहेर आले. केसांतून पाणी गळत होतं, मुठीत ती क्लिप. लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग ओट्याखालची नळी सुतळीने करकचून बांधली. होकार म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

गाळ्यात भाऊजींनी पट्टीची क्लिप काढून तारांची बसवली. पट्टी निघाली तशी नव्या नळीवर रुंद काळा पट्टा उघडा पडला. त्यांनी बारीक ब्रशने तिथे हिरवा रंग भरला आणि तोंडाने फुंकर घालत राहिले.

"चाळीशी उलटली, पण असं काम कधी केलं नाही," ते पुटपुटले. "बरोबर असलेलं चूक करायचं, मग ती चूक बरोबर आहे म्हणून भांडायला जायचं."

"तू भांडू नकोस," हे म्हणाले. "तू दोरीबाहेर."

कारण तिथला नियम तसा आहे. परीक्षा चालू असताना गाडीला एकाच माणसाचा हात लागायचा, ज्याने ती उभी केली त्याचा. परीक्षकही गाडीला हात लावत नाहीत. ते सांगतील ते त्यानेच उघडून दाखवायचं, त्यानेच परत लावायचं, आणि शेवटी इंजिन चालू करून दाखवायचं. दुसरा हात लागला की गाडी पहिल्या वर्गातून बाद. बाकीच्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. प्रत्येक गाडीला ठरलेली वेळ. ती संपली की घंटा.

मैदानावर हिरवळ होती, ऊन होतं, गाड्या रांगेत होत्या. लोक आईस्क्रीम खात फिरत होते. मला वाटलं, ही सगळी माणसं इतक्या सहज कशी चालतायत?

भिंगवाले सर आले. त्यांच्याबरोबर एक तरुण बाई, काखेत नियमांचं पुस्तक. सर बघत होते, ती टिपत होती. दिवे, आरसे, चाकांच्या हवेची टोपणं, दाराच्या कड्या, गालिच्याची शिवण. सरांचं भिंग एकेका स्क्रूवर थांबायचं आणि पुढे सरकायचं. तिची पेन्सिल हलत नव्हती. पेन्सिल हलली नाही की गुण शाबूत, एवढं मला कळत होतं. भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, श्वास घ्या. निळ्या पडताय."

यांनी बॉनेट उघडलं. उजवा हात खिशात ठेवला होता.

पेन्सिल थांबली होती ती तिथे हलली.

"ही क्लिप," ती बाई म्हणाली, "दोन्हीकडे पट्टीची हवी."

"या गाडीला नाही," हे म्हणाले.

"पुस्तकात—"

"पुस्तकात आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी ही काढून टाकली होती." आणि डाव्या हाताने त्यांनी जुनी नळी पुढे केली. "ही या गाडीची मूळची. हा रंग कारखान्याचा. या टोकाला पट्टीची खूण, या टोकाला दोन तारांची. आणि क्लिपेच्या खाचेत तोच रंग आहे."

सरांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "दोन तारांच्या क्लिपा हजारो आहेत. हीच क्लिप या खुणेत बसते का? बसवून दाखवा."

हे आम्ही धरलंच नव्हतं. नळी दाखवली की झालं, एवढंच आम्ही समजून चाललो होतो. आता ती क्लिप इंजिनावरून सोडायची, जुन्या नळीवर चढवायची आणि परत इंजिनावर लावायची. सगळं यांनी. एकट्यांनी.

हात खिशातून बाहेर आला.

क्लिप सुटली. कशी सुटली ते देव जाणे. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती त्यांच्या तळहातावर होती. त्यांनी ती जुन्या नळीवर चढवली, दोन्ही हात पोटाशी दाबून, जणू थंडी वाजतेय. तारा त्या दोन रेघांत जाऊन बसल्या. खाचेतला हिरवा ठिपका नळीवरच्या हिरव्याला असा जाऊन मिळाला, की मधला सांधा दिसेना.

सर वाकले. सरळ झाले. "खोडा ती नोंद," ते त्या बाईला म्हणाले. "क्लिप बरोबर आहे."

भाऊजींनी माझा दंड एवढा दाबला, की दुसऱ्या दिवशी वळ होता. जिंकलो होतो आम्ही. खरंच, तेवढ्या वेळापुरते जिंकलो होतो.

"परत लावा," सर म्हणाले. "आणि इंजिन चालू करा."

हे वाकले. क्लिप नळीवर गेली. स्क्रू जागेवर धरायचा आणि आट्यात पकडवायचा, एवढंच होतं. स्क्रू निसटला. इंजिनाच्या फटींतून टणटण करत खाली गेला. हे गुडघ्यांवर बसले, गवतात हात फिरवला, तो सापडला. पुन्हा धरला. पुन्हा निसटला. आता त्यांचा खांदाही हलायला लागला होता. तिसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हरचं टोक सरकलं आणि इंजिनाच्या हिरव्या रंगावर एक पांढरी रेघ उठली. ती बाई पेन्सिल घेऊन उभी होती, पण तिने काही लिहिलं नाही. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. सरही. शेजारच्या गाडीचे लोकही. महिन्यामागून महिने खिशात, बाहीत, टेबलाखाली लपवलेला तो हात भर उन्हात सगळ्यांसमोर फडफडत होता.

"दादा, हळू," भाऊजी पुटपुटले. "हळू रे."

घंटा वाजवणारा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. इंजिन चालूच झालं नाही तर गाडीला वर्गच नाही, पहिला नाही आणि शेवटचाही नाही.

यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. उठून उभे राहिले आणि दोरीकडे वळले.

"अगं, ये."

मला कळलंच नाही. "अहो, नियम..."

"नियम पाठ आहे मला. ये तू."

भाऊजी पुढे झाले, "मी येतो, मला लावता—"

"तू नको. तू रंगवाला, घाईत आवळशील. तिला ये म्हणतोय ना मी."

मी दोरी उचलली आणि खालून गेले. मनात म्हणत होते, अजून परत फिरता येईल, अजून गाडीला बोट लागलेलं नाही. ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि अगदी हळू, गाळ्यात बोलतात तसं बोलायला लागले.

"आधी उलटा फिरव. जोर लावू नकोस. आटे एकमेकांवरून सरकतील आणि खटकन एक पायरी उतरल्यासारखं वाटेल. वाटलं?"

"नाही."

"थांब. कान दे... आता?"

बोटांत जाणवलं. "हो."

"आता सुलटा. हळूहळू. त्याचं त्याला जाऊ दे."

स्क्रू आत गेला. मी आवळला. ते बस म्हणाले, तिथे मी थांबले. सरांनी मान हलवली. यांनी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. ती क्लिप, ती बोटभर नळी, थेंब नाही गळला. छान आवाज होता तो. आयुष्यात मी त्या इंजिनाचा आवाज इतका नीट ऐकला नव्हता.

"दुसरा हात लागला," ती बाई खाली बघत म्हणाली. "पहिल्या वर्गातून गाडी..." पुढचा शब्द तिने मोठ्याने उच्चारला नाही. नुसता लिहिला.

गर्दी पांगल्यावर सर परत आले. यांच्या शेजारी उभे राहून गाडीकडेच बघत बोलले.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आज गाडीकडे बघितलं असतं का हाताकडे?"

सरांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. "पुस्तकात आता दुसरी क्लिप चढवावी लागेल," ते म्हणाले. "शाळेच्या जागेचं मात्र... नियम मोडणं माझ्या हातात नाही."

"मी मागितलंच नाही," हे म्हणाले. आणि गाडीची ताडपत्री ओढायला लागले. एक कोपरा त्यांनी धरला, दुसरा मी.

परतीच्या वाटेवर भाऊजी गाडी ट्रेलरवर घेऊन पुढे गेले. आम्ही मागून बसने. हे खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "मी आता काय करू गं?"

रोज सकाळी मी जे मागते, त्यात याचं उत्तर कधी मागितलंच नव्हतं. हात बरा होऊ दे म्हणून मागत होते. तो होणार नाही, हे ठाऊक असूनही. मी त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला. तो तिथेही थांबला नाही.

घरी आलो तर स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. सकाळी घाईत बांधलेली सुतळी सुटली होती आणि मुख्य तोटीही नीट बसली नव्हती. गालिचा भिजला, पिठाचा डबा भिजला. मी तोटी घट्ट केली, पाणी काढलं आणि मग तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. सकाळपासूनचं सगळं बाहेर पडलं. हे दारात उभे होते. मग गाळ्यात जाऊन आले.

त्यांच्या हातात ती पट्टीची क्लिप होती. त्या काळची, त्याच छापाची, त्याच मुलाम्याची. जिच्यासाठी गावं पालथी घातली होती, ती.

"लाव," ते म्हणाले.

"ही? नळाला?"

"आता कुठे लावायची दुसरीकडे?"

मी ओट्याखाली सरकले. ते गुडघ्यांवर बसले आणि बॅटरी लावली. उजेडाचा गोळा भिंतीवर, नळीवर, माझ्या हातावर नाचत होता.

"आधी उलटा."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर घाई कशाला करतेस? खटका लागू दे."

खटका लागला. मी सुलटा फिरवायला घेतला.

"उजेडही धरता येत नाही मला," ते म्हणाले.

"असाच धरा. दिसतंय मला."

ते थोडे पुढे सरकले. दोन्ही हातांनी बॅटरी धरली. उजेड तसाच हलत राहिला, पण माझ्या बोटांवरून गेला नाही.

"अजून अर्धा फेरा," ते म्हणाले. "आणि स्क्रूची चीर सरळ उभी ठेव. कुणी बघायला आलं तर."